बिनबाह्यांची ऊब

मराठी घरांत हाफ स्वेटरला नेहमीच थोडा कमी मान मिळत आला आहे. तो शाळेच्या गणवेशावर चालतो, कचेरीत शर्टावर शोभतो, आजोबांना वर्षभर पुरतो. पण खरी थंडी पडली की कपाटातून निघतो तो फुल स्वेटरच. नावातच ‘हाफ’ आहे, त्यामुळे ऊबही निम्मीच असणार असा सरळ हिशेब आपण करून टाकतो. हाताने विणायच्या काळात त्यात तथ्यही होतं. बाह्या विणणं हे कंटाळवाणं आणि लोकर खाणारं काम, म्हणून हाफ स्वेटर ही काटकसरीची तडजोड होती. तोच हिशेब आज ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात फ्लीसची बंडी हातात घेणाऱ्याच्या डोक्यात असतो: आणखी थोडे पैसे टाकले तर बाह्याही मिळतात, मग हे अर्धवट का घ्यायचं? चालणाऱ्या, चढणाऱ्या किंवा सायकल मारणाऱ्या माणसासाठी मला हा हिशेब उलटा वाटतो. बाह्या नसणं हाच या कपड्याचा गुण आहे, आणि बंडी निवडताना ती किती ऊब धरून ठेवते यापेक्षा किती सोडून देते हे आधी पाहायला हवं.

हे पटायला चालत्या शरीराचा उष्णतेचा जमाखर्च मांडावा लागेल. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता तयार करतो, म्हणजे जुन्या काळच्या पिवळ्या बल्बइतकी. तोच माणूस पाठीवर सॅक घेऊन चढाला लागला की हा आकडा ४०० ते ६०० वॉटपर्यंत जातो. स्नायू खर्च करतात त्यातली जेमतेम पाव ऊर्जा प्रत्यक्ष कामी येते, उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. डिसेंबरच्या रात्री बारी गावातून कळसूबाईकडे निघालेल्या गटात हे दर वेळी दिसतं: निघताना सगळे गळ्यापर्यंत चेन ओढून, आणि पंधरा-वीस मिनिटांत अर्धे जण जाकिटं काढून कमरेला बांधतायत. चढावर थंडी हा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो घामाचा. १,६४६ मीटरच्या माथ्यावर पोचून माणूस थांबतो तेव्हा भट्टी काही मिनिटांत पुन्हा १०० वॉटवर येते, पण घाम अंगावर तसाच असतो. एक ग्रॅम घाम वाळायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. सुती टी-शर्टात १०० ग्रॅम पाणी सहज मुरतं. ते वाळायला लागणारी २४० किलोज्यूल उष्णता म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराची चाळीस मिनिटांची सगळी कमाई. ही सगळी वसुली अंगातूनच होते असं नाही, काही भार आजूबाजूची हवाही उचलते. तरी माथ्यावर दहा मिनिटांत दात का वाजायला लागतात ते या आकड्यांवरून कळतं. तिथे गारठलेल्या माणसाला वाटतं की आपण कपडे कमी आणले. पुष्कळदा त्याने चढताना जास्त घातलेले असतात.

फ्लीस हे कापड मुळात याच अडचणीतून जन्मलं. उत्तर अटलांटिकच्या गार पाण्यात मासेमारी करणाऱ्यांना असं काहीतरी हवं होतं, जे ओलं झालं तरी उबदार राहील आणि लोकरीसारखं जड होणार नाही. नॉर्वेच्या हेली हॅन्सन कंपनीने १९६१ मध्ये कृत्रिम धाग्याचं केसाळ ‘पाइल’ कापड बाजारात आणलं. पुढे पॅटागोनियाचे संस्थापक इव्हॉन शुईनार्ड यांनी मच्छीमारांचा हा वेष डोंगरात आणायचं ठरवलं. त्यांच्या पहिल्या पाइल जाकिटांचं कापड तर शौचालयाच्या आसनांवर घालायच्या मऊ खोळींसाठी बनवलेलं होतं. त्या कापडावर लवकरच गोळे धरत. मग अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्स या गिरणीने १९७९ मध्ये पॉलिएस्टरचं, दोन्ही बाजूंनी लव काढलेलं ‘पोलरफ्लीस’ तयार केलं. विणलेलं कापड बारीक तारांच्या रुळांवरून फिरवून त्याचे धागे उपसायचे आणि वर आलेली लव एकसारखी कातरायची, अशी ही पद्धत. गिरणीचे मालक आरन फ्युरस्टाइन यांनी या कापडाचं पेटंट घेतलं नाही, त्यामुळे थोड्याच वर्षांत ते जगभरच्या गिरण्यांतून निघू लागलं. म्हणून आज ‘फ्लीस’ या एकाच नावाखाली ब्लँकेटपासून गिर्यारोहकाच्या जाकिटापर्यंत वाट्टेल त्या प्रतीचं कापड मिळतं. नुसतं ‘फ्लीस आहे’ एवढ्याने गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही.

या इतिहासातली एक गोष्ट खरेदीच्या वेळी कामाला येते. मच्छीमार ते केसाळ कापड तेलकट, पाणी अडवणाऱ्या अंगरख्याच्या आत घालत. वारा-पाणी अडवणं हे बाहेरच्या थराचं काम, हवा धरून ठेवणं आतल्याचं. फ्लीसची ऊब पॉलिएस्टरची नसते, लवेत अडकलेल्या हवेची असते. स्थिर हवेतून उष्णता पाण्याच्या मानाने सुमारे चोवीस पट सावकाश वाहते, म्हणून त्या जागेत हवा राहिली पाहिजे, पाणी शिरता कामा नये. पॉलिएस्टरचा तंतू साधारण दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा पीत नाही. कापूस सात-आठ टक्के पितो, लोकर सोळाच्या आसपास. तंतूंच्या मधल्या फटींत पाणी साचतं ते वेगळं, पण ते झटकता-पिळता येतं आणि अंगाच्या उबेवर वाळतं. फ्लीस घामाची वाफ बाहेर जाऊ देतं, तसाच वाराही आत येऊ देतं. दुकानदार याला दोष म्हणतात. चढावर हाच त्याचा उपयोग आहे.

आता बाह्यांकडे. भाजलेल्या रुग्णाच्या जखमांचा अंदाज घेताना डॉक्टर ‘नऊचा नियम’ वापरतात: प्रत्येक हात शरीराच्या पृष्ठभागाच्या नऊ टक्के, धड पुढून-मागून मिळून छत्तीस. बाह्यांखाली जाणारा भाग, पंजे सोडले तर, पंधरा टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे धड आणि हात मिळून जेवढं अंग पूर्ण जाकीट झाकतं, त्यातलं निदान दोन तृतीयांश बंडीही झाकते. क्षेत्रफळाच्या हिशेबातसुद्धा ‘हाफ’ हे नाव चुकीचं ठरतं. दुसरं म्हणजे, हात हे शरीराचं उष्णता फेकणारं अंग आहे. लांबट, बारीक, सतत हलणारे. आणि पंजांत अशा रक्तवाहिन्या असतात ज्या उघडल्या की गरम रक्त थेट कातडीजवळ येतं. चढावर हे हात मोकळे ठेवणं म्हणजे इंजिनाच्या रेडिएटरवरचं गोणपाट काढणं. धड मात्र थांबल्याबरोबर, आणि सॅक उतरवल्यावर घामेजलेल्या पाठीवर वाऱ्याची झुळूक आल्याबरोबर, गार पडतं. म्हणून धड झाकलेलं आणि हात मोकळे ही अडचणीतली तडजोड वाटत असली तरी चालत्या शरीराच्या गरजेला ती नेमकी बसते.

‘पण हात गारठतात त्याचं काय?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याचं अर्धं उत्तर शरीरच देतं. धड गार पडू लागलं की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं आणि काळीज-फुप्फुसांची ऊब राखतं. धड उबदार असेल तर बोटांकडे रक्त मोकळं सुटतं. कॅनडात १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत उणे २५ अंश सेल्सिअसला बसलेल्या माणसांच्या फक्त धडाला विजेच्या तापकाने ऊब दिली, तेव्हा त्यांची उघडी बोटंसुद्धा काम करण्याइतकी उबदार राहिली. यावर कोणी म्हणेल की तिथे तापक होता, फ्लीस काही तापक नव्हे. बरोबर आहे. फ्लीस उष्णता तयार करत नाही, ती चालणारा माणूस करतो. म्हणून हे उत्तर चालत्या माणसापुरतंच खरं आहे. बसलेल्याचं काय, ते पुढे येईलच. उत्तराचा दुसरा अर्धा भाग म्हणजे विंडचीटर. मुठीत मावणाऱ्या पातळ विंडचीटरला बाह्या असतात. थांबलात की तो बंडीवर चढवायचा: हातांवरचा वारा अडतो आणि बंडीतली हवाही स्थिर होते. बंडी आणि विंडचीटर मिळून जाड फुल फ्लीसइतकी किंवा त्याहून कमी जागा घेतात, आणि वेगवेगळे वापरता येतात.

इथून पुढची निवड जवळजवळ आपोआप ठरत जाते. पहिली गोष्ट कापडाचं वजन. फ्लीस दर चौरस मीटरच्या ग्रॅमवर मोजतात. माल्डन मिल्सच्याच परंपरेतल्या पोलरटेकने रूढ केलेली १००, २०० आणि ३०० ही ढोबळ वर्गवारी आज जगभर चालते. ३०० चं कापड हाताला फार सुखावतं, दुकानाच्या एसीत तर तेच घ्यावंसं वाटतं. पण सह्याद्रीत चढताना ते घालून अर्धा तासही निघत नाही, आणि एकदा सॅकमध्ये गेलं की नुसतं ओझं. आपल्याकडच्या हिवाळ्यात चालण्यासाठी १०० च्या आसपासचं कापड पुरतं. केदारकंठासारख्या सुमारे ३,८०० मीटरच्या बर्फातल्या वाटेवर, किंवा ज्यांना मुळातच थंडी जास्त वाजते त्यांना २०० चं. आतल्या बाजूला चौकोनी वड्यांसारखी उठाव-खोलगट वीण असलेलं फ्लीस मिळालं तर ते आणखी चांगलं. उठावाचा भाग अंगाला टेकतो आणि घाम उचलतो, मधल्या खाचांतून वाफ निघून जाते, आणि तेवढ्याच उबेत वजन कमी भरतं. लेबलवर ग्रॅमचा आकडा नसेल, तर कापड खिडकीकडे धरून पाहावं: उजेड झिरपत असेल तर ते हलकं. मग ते तोंडाला लावून जोरात फुंकर मारावी. पलीकडच्या तळहाताला वारा लागला तर बंडी चढाच्या कामाची आहे. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्यावं.

फुंकर पलीकडे गेली नाही तर समजावं की कापडाच्या दोन थरांत वारा अडवणारा पडदा चिकटवलेला आहे. असं फ्लीस महाग असतं आणि विकणारा त्याची भलामणही जास्त करतो. त्याचा मुद्दा खोटा नाही. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्राप्रमाणे ८ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला ते ४ अंशांसारखं जाणवतं. कोकणकड्याच्या काठावर असा वारा म्हणजे नवल नाही. मग बंडीनेच तो अडवला तर काय बिघडलं? बिघडतं ते चढताना. कड्यावर पोचायला जे तीन-चार तास लागतात, त्यात तोच पडदा वाफ अडवतो आणि पाठ भिजते. वाऱ्याचा बंदोबस्त घालता-काढता येणारा हवा. बंडीत शिवून टाकलेला पडदा काढता येत नाही, काढायची तर बंडीच काढावी लागते. अमेरिकी लष्कराच्या विशेष दलांनाही नेमकी हीच अडचण होती: थांबल्यावर घाला, निघताना काढा, या कसरतीत वेळ जातो. त्यांच्यासाठी पोलरटेकने ‘अल्फा’ नावाचं मोकळ्या विणीचं, हवा खेळू देणारं अस्तर तयार केलं, म्हणजे हालचाल सुरू झाली तरी ते अंगावरच राहील. तिथेही उत्तर निघालं ते कापड मोकळं करण्यात. सायकलवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. वाईहून पसरणी घाट चढताना घाम आणि पाचगणीहून उतरताना बोचरा वारा, आणि तोही फक्त पुढून. तिथे छातीला वाराबंद कापड आणि पाठ उघड्या विणीची, अशी बंडी मिळाली तर जरूर घ्यावी. पडद्याविरुद्धचा माझा आक्षेप पाठीपुरता जास्त आहे.

मापाच्या बाबतीत आपल्याकडे ‘थोडं ढगळ घे, आत स्वेटर मावेल’ हा सल्ला हमखास मिळतो. फ्लीसच्या बाबतीत तो मानू नये. बंडी आणि टी-शर्टमध्ये बोटभर पोकळी राहिली की प्रत्येक पावलागणिक आतली गरम हवा भात्यासारखी बगलेतून आणि कमरेतून बाहेर फेकली जाते. शिवाय कापड अंगाला टेकत नसल्यामुळे घामही उचलला जात नाही. बंडी अंगाला लागून, पण न आवळता बसली पाहिजे. दुकानात ती घालून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत: खालची कड बेंबीच्या वर सरकत असेल तर ती आखूड आहे. बगलेचा घेर इतका मोठा नको की आतला शर्ट दिसावा, आणि इतका लहानही नको की सॅकचा पट्टा ओढल्यावर शिवण काखेत रुतावी. शक्य असेल तर आपली सॅकच नेऊन ती भरून पाठीवर अडकवून पाहावी. खांद्याच्या बरोबर मधोमध आलेली शिवण, कमरेच्या बेल्टखाली दबणारे खिसे, हनुवटीला टोचणारी चेन, हे सगळं आरशात दिसत नाही, सॅक लावल्यावर कळतं. छातीवर एक खिसा असला की पुरे. पूर्ण उघडणारी चेन मात्र हवीच, कारण चालता चालता ऊब कमी-जास्त करायची किल्ली तीच. चढ लागला की उघडायची, सपाटीला अर्धी, थांबलात की गळ्यापर्यंत. बंडी न काढता हे जमतं, आणि सॅक उतरवून कपडे बदलायचा कंटाळा म्हणूनच जो घामाघूम होत राहतो त्या माणसासाठी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी, हे महत्त्वाचं आहे.

बसलेल्या माणसाचं उत्तर आता द्यायला हवं. ताडोब्यात पौषातल्या पहाटे उघड्या जिप्सीतून निघालेल्या माणसाला बंडी हा वाईट सल्ला आहे. तो फारशी उष्णता तयार करत नाही, वारा मात्र भरपूर खातो. पाणथळ जागी दुर्बीण घेऊन दोन-दोन तास उभा राहणारा पक्षिनिरीक्षक, मुक्कामाच्या तंबूबाहेर गप्पा मारत बसणारे, किल्ल्यावर रात्री तारे बघणारे, या सगळ्यांना बाह्यांचं, वारा अडवणारं, जाड काहीतरी हवं. तिथे फ्लीसपेक्षा पिसांचं डाऊन जाकीट सरस. तेवढ्याच वजनात ते कितीतरी जास्त हवा धरतं. ओलं झालं की पिसं एकमेकांना चिकटून बसतात आणि ऊब संपते, म्हणून ते घामात घालायचं नाही. दोन्ही कपड्यांची कामं वेगळी आहेत, आणि मुक्कामी ट्रेकला दोन्ही न्यावेत. लोकरीचे चाहते विचारतील, धनगराची घोंगडी शतकानुशतकं पावसा-थंडीत चालली, मग हे प्लास्टिक कशाला? लोकर ओलसर असतानाही ऊब देते आणि तिला घामाचा वास कमी धरतो, यात ती फ्लीसच्या पुढे आहे. पण ती जास्त पाणी धरते, सावकाश वाळते आणि चांगली बारीक लोकर परवडत नाही. वासाचा मुद्दा बंडीच्या बाबतीत जरा सौम्य होतो, कारण काखेला तिचं कापड फारसं लागतच नाही.

पॉलिएस्टरविरुद्धचा खरा जड आक्षेप वेगळाच आहे. धुताना फ्लीसची लव तुटते आणि ते अतिबारीक तंतू सांडपाण्यातून नदी-समुद्रात जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये कृत्रिम धाग्यांची जाकिटं धुऊन मोजलं, तेव्हा दर धुण्याला सरासरी १.७ ग्रॅम तंतू सुटले, आणि जुनाट जाकिटांतून नव्याच्या जवळजवळ दुप्पट. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या फ्लीसमुळे बाटली कचऱ्यातून वाचते, पण तंतू सुटायचे ते सुटतातच. याला पूर्ण उत्तर नाही. कमी धुणं हे अर्धं उत्तर आहे. बंडी अंगाला थेट लागत नसल्यामुळे दर ट्रेकनंतर ती धुवायची गरज नसते, वाऱ्यावर वाळवली तरी चालते. धुवायची तेव्हा उलटी करून, गार पाण्यात, सॉफ्टनर न घालता, कारण तो तंतूंवर बसतो आणि घाम उचलायची ताकद घालवतो. इस्त्री तर नाहीच. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढेमागे वितळतं, म्हणून शेकोटीची एक ठिणगी कापडाला आरपार भोक पाडते, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. चुलीशेजारी स्वयंपाक करणाऱ्याने बंडी काढून ठेवलेली बरी.

कमी तंतू सोडायचा आणखी एक मार्ग म्हणजे नवी बंडीच न घेणं. बहुतेक ट्रेकरांच्या घरी कोपरं विरलेलं किंवा बाही जळलेलं एखादं पातळ फुल फ्लीस पडलेलं असतं. हे कापड सुती विणीसारखं कापलेल्या कडेपासून उसवत जात नाही. खांद्याची शिवण शाबूत ठेवून, तिच्या बोटभर बाहेरून बाह्या कापाव्यात, मग कड आत दुमडून शिंप्याकडून सैल टीप मारून घ्यावी. दुमडीत घट्ट इलॅस्टिक मात्र घालू देऊ नये, हात वर केल्यावर ते काखेत काचतं.